भालूकाकांची थाप

मशीनचं कौतुक मला नका सांगू. पनवेलला आमच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रॉनिक ड्रम आले, तेव्हा ते जोडले मीच. मालक म्हणाले, “भालूकाकांची ढोलकी आत भरून घे.” उरणचे भालूकाका आमचे ढोलकीवाले. दिवसभर त्यांनी एकेक थाप मारली, मी ती मशीनमध्ये साठवली. पॅडवर काठी पडली की हुबेहूब काकांचा हात! काका खूश झाले.

“मंग परवा हलदीला कवा येऊ?”

मालक म्हणाले, “आता तुम्ही आराम करा.”

काकांनी ढोलकी पिशवीत भरली. मग मला हळूच म्हणाले, “बाला, माजी थाप पुसता येते काय?”

“येते काका. पुसतो.”

नाही पुसली. काका वारले, त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी एका हळदीत तीच वाजवली. लोक नाचले.