झाकण उघडल्याची गोष्ट

फेरीबोटीच्या रांगेत तिकिटं फाडणाऱ्या एल्डनला पुढच्या गाडीतलं म्हातारा-म्हातारीचं भांडण ऐकू आलं. मागच्या सीटवर घरी बनवलेल्या बिअरचं पिंप पट्टा बांधून बसवलं होतं.

“डोरीन, पिंपाचं झाकण तू उघडलंस?”

“हो, सकाळी. वास घ्यायला.”

“अगं, हवा शिरली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते! उद्या नातीचं लग्न आहे!”

“म्हणूनच उघडलं. आजारपणापासून तुला वास येत नाही, हार्लन. बिघडली असती, तर तिथं कुणी तुला खरं सांगितलं नसतं.”

“मग?”

“संत्र्यासारखा घमघमाट आहे. झाकण लावून नळकांड्यातला गॅस आत सोडला, त्यानं शिरलेली हवा बाहेर काढून टाकली.”

“किती वेळा?”

“तू काढतोस त्याहून एकदा जास्त.”

“पुढच्या वेळी मी झाकण लावायच्या आधीच तुझं नाक घेऊन ये, बाई.”