चार भाषा आणि कापसाचा भाव

विक्की : एक महिना झाला, गझाला! लग्नाले पोरगी पाहाले एवढा वेळ लागत नाही.

गझाला : कॉम्प्युटरच्या भाषा चारच तं हायेत. एएसपी, पीएचपी, पर्ल अन् जेएसपी. पहिली भाषा हाय, विक्की. चुकली का जिंदगीभर पस्तावत बसा.

विक्की : अन् चार वाजता बाजार समितीचे पुंडलिकराव येऊन राह्यले, त्याचं काय? समितीचा कापसाचा भाव आज इंटरनेटवर दिसला नाही, तं काम नागपूरवाल्याले जाईन.

गझाला : मले सांगतं काय? वणीचं इंटरनेटवरचं पान वणीचीच पोरगी बनवीन म्हणून मीच भांडली ना त्याहीच्याशी!

विक्की : मंग एएसपी घे. नागपूरच्या नोकरीच्या सगळ्या जाहिराती त्याच्याच. मी क्लास केला त्याचा.

गझाला : मंग तूच काहून नाही बनवलं?

विक्की : अर्धा केला.

(वणी, २००६. जफरमिस्त्रीच्या ट्रक गॅरेजला लागून विक्कीचं सायबर कॅफे. गझालाच्या वहीची सोळा पानं भरली आहेत, कॉम्प्युटरवर मात्र एक ओळ नाही. बाप हात पुसत आत येतो, तेव्हा ती अगदी रडकुंडीला आलेली.)

जफर : काय बेटा, तोंड काहून उतरलं?

गझाला : अब्बा, साधं पान मले येते. पण भाव सकाळी एक, दुपारी एक. दरवेळी पूर्ण पान कोण लिहीन? म्हणून सर्व्हरवर, म्हंजे तिकडच्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालणारी भाषा पाह्यजे. आपण आकडा टाकला का पान आपोआप नवं.

जफर : म्हंजे ड्रायव्हर तिकडं, आपण इकडून फक्त सांगाचं. मंग घोडं कुठं अडलं?

गझाला : कोणती चांगली, तेच ठरत नाही.

जफर : चांगली! तीस वर्षं झाले राजूरचे कोळशाचे ट्रक दुरुस्त करून राह्यलो. नवा मालक विचारते, मिस्त्री, कोणता ट्रक चांगला? मी म्हणतो, रस्त्यात बंद पडला तं मदतीले कोण येईन ते सांग. तुह्या चौघी बंद पडल्या तं कोण येते?

विक्की : एएसपीले आमचे सर हायेत.

जफर : लाव फोन.

विक्की : ते लग्नाले पुसदले गेले. सोमवारी येतीन.

जफर : दुसरी?

गझाला : पर्लवाल्याईले इंटरनेटवर विचारलं, तं म्हणे आधी पुस्तक वाच. जेएसपी या डबड्यावर सुरूच झाली नाही.

जफर : राह्यली एक.

गझाला : पीएचपी. परवा प्रश्न टाकला होता, तारीख कशी दाखवाची म्हणून. चहा पिऊन आली तं तीन जवाब. एक तं ब्राझीलचा. त्याचं इंग्रजी माह्यासारखंच, तोडकंमोडकं.

जफर : ब्राझीलचा माणूस वणीच्या पोरीसाठी धावला, अन् तू वह्या भरून राह्यली?

गझाला : पण लोक म्हणतात, ते भाषा वेडीवाकडी हाय.

जफर : मी पहिला खोलला तो ट्रक भंगारातला होता. त्याच्यावरच हात बसला. आज ही चालव, उद्या दुसरी शिकाले कोण अडवते? विक्की, सरक. जागा दे पोरीले.

विक्की : सरकलो, चाचा.

*

विक्की : साडेतीन वाजले.

गझाला : बोलू नको! आलं… अरे बाप्पा! भाव नाही, मी लिहेल कोडच दिसून राह्यला पानावर!

जफर : बॉनेट उघडं राह्यलं?

गझाला : नाही अब्बा, फाईल इथंच नुसती उघडली मी. तिकडच्या सर्व्हरवर चढवून चालवलीच नाही!

जफर : चाबी फिरवल्याबिगर गिअर टाकते. माहीच पोरगी!

गझाला : विक्की, आकडा सांग.

विक्की : सकाळी समितीच्या फळ्यावर क्विंटलले एकोणीसशे चाळीस होता.

गझाला : टाकला… अब्बा! दिसला! तारखेसकट दिसला!

विक्की : चाचा, नाचू नका, वायर निघीन!

पुंडलिकराव (आत येत) : काय गोंधळ हाय हा? दाखव बाई. हं. पण हा सकाळचा भाव. आत्ताच एकोणीसशे साठ केला. बदलाले दोन दिवस लागतात, असं नागपूरवाले म्हणत होते.

गझाला : झालं, काका.

पुंडलिकराव : झालं? मी तं अजून चष्माच लावून राह्यलो! वा, पोरी. काम तुह्यं. पण नागपूरचा माणूस बसस्टँडवर उतरला असन. त्याले काय सांगू?

गझाला : इकडंच आणा त्याले, चहा पाजू. अन् त्याचंही काही अडलं असन, तं पाहून घेऊ.