तानबाकाकांच्या पायाची नोंद

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संस्थेचे पदाधिकारी, आर्वीहून मुद्दाम आलेले पाहुणे, माझे सहकारी, आणि ज्यांच्यामुळे हा वृद्धाश्रम आहे ते समोर बसलेले आमचे सगळे काका-मावशी, सर्वांना माझा नमस्कार आणि जयभीम.

मघापासून चार वक्त्यांनी माझं कौतुक केलं. दीपमाला सिस्टरची आरोग्य नोंदवही म्हणजे नमुना, असंही एक जण म्हणाले. एकोणीस वर्षांनी निवृत्त होताना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. खरं सांगते, चीड आली. ती वही यांच्यापैकी कोणी शेवटची कधी उघडली होती?

आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येकाची तपासणी असते. वजन, बीपी, शुगर, जेवण, चालणं, अंगावर कुठे जखम आहे का, हे पाहून लिहायचं. पाहून, बरं का. आम्ही विचारून लिहितो. "कसं हाय काका?" "ठीक हाय." झाली तपासणी. कार्यालयातले रत्नदीप तर इतके उत्साही, की लिहिण्याचा त्रास वाचावा म्हणून त्यांनी 'प्रकृती स्थिर' असा रबरी शिक्काच करून आणला. हसू नका. मागच्या वर्षी एक मावशी वारल्या, त्यांच्या पानावर पुढच्या महिन्यातही तो शिक्का आहे.

आता रोहणा गावचे तानबाकाका. ते काय, दाराजवळ बसलेत. तपासणीच्या दिवशी ते सकाळपासूनच केस विंचरून, मोजे-बूट घालून खुर्चीत बसायचे. चार महिने त्यांच्या पानावर 'पाय व्यवस्थित, स्वतः चालतात' असं लिहिलं गेलं. चारही सह्या माझ्या आहेत. शुगरचा माणूस, आणि बूट काढा म्हणायचं मला सुचलं नाही, कारण मागे तेवीस जण रांगेत होते. वास यायला लागला तेव्हा बूट काढला. दोन बोटं कापावी लागली.

दवाखान्यात मी त्यांच्यावर रागावले. काका म्हणाले, "बाई, पाय दुखते म्हनून सांगतलं असतं त तुम्ही लिहिलं असतं ना? मंग मले इथं ठेवलं असतं कोनं?"

चुकलं काय त्यांचं? आपल्या नियमावलीत लिहिलंय, आधाराशिवाय चालू न शकणाऱ्याला आश्रमात ठेवता येत नाही, घरी पाठवावं. काकांच्या रोहण्याच्या घराला सहा वर्षांपासून कुलूप आहे. म्हणजे खरं सांगणाऱ्याला बाहेर काढायचं, आणि नोंदी खऱ्या का नाहीत म्हणून सिस्टरवर डोळे वटारायचे? हा नियम बदला म्हणून मी तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा उत्तर एकच, पुढच्या सभेत पाहू. सभेत चहा-नाश्ता झाला, विषय राहून गेला.

आज सकाळी सगळ्यांची तपासणी मी एकटीनं केली. चार तास लागले. काकांच्या पानावर लिहिलं : उजव्या पायाची दोन बोटं नाहीत, जखम भरते आहे, काठी आणि माणूस दोन्ही असल्याशिवाय चालता येत नाही. काका म्हणाले, "नका लिहू ना बाई." जीव तुटला. तरी लिहिलं. उद्यापासून वही सपना सिस्टरच्या हाती जाईल, आणि खोटं पान पाहून ती औषध कशाचं देणार?

तेव्हा अध्यक्ष महोदय, तुमच्या नियमाप्रमाणे उद्या काकांना घरी पाठवावं लागतं.

आपण सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये हे मला कळतं. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर आपलीच समजून पोटात घाला. नोंद मात्र मी खोडणार नाही. शाल-श्रीफळ टेबलावरच राहू द्या. काका राहणार की जाणार, ते आधी या माईकवरून सांगा.