परतीचा खर्च, माणसे सात

दि. २८ मे २०२५, दुपारी १.१० वाजता. पोलीस ठाणे, पुणे शहर.

मी, आनंदी मोरेश्वर खासनीस, वय ६९ वर्षे, शिक्षण बी. कॉम. (१९७७), व्यवसाय सेवानिवृत्त (सहकारी बँकेचा अंतर्गत तपासणी विभाग), अविवाहित, राहणार फ्लॅट क्र. ११, दुसरा मजला, कर्वेनगर, पुणे, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून जबाब देते की,

आज सकाळी सव्वानऊ वाजता, माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या श्रीमती भाग्यश्री टिळेकर यांच्या बँक खात्यात ११,३४० रुपये जमा झाले. या रकमेमुळे मला येथे यावे लागले. रक्कम त्यांनी मागितलेली नव्हती व ती कशाची आहे हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. त्यांचा मुलगा केयूर, वय २६, हा सध्या उत्तराखंडात ट्रेकवर आहे. परवा, दि. ३० रोजी, त्यांचा गट खिंड ओलांडणार आहे. तो तेथून परत येणार नाही असे माझे म्हणणे आहे.

हवालदार श्री. संतोष यांनी या ठिकाणी 'अशी शंका आहे' असे लिहिले होते. ते मी काढायला लावले.

माझ्या घरी मी व माझी भाची अवनी, वय २७, अशा दोघी राहतो. अवनी माझ्या दिवंगत भावाची मुलगी. ती अकरा वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे. ती खराडी येथे सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. केयूर वडिलांच्या पश्चात बुधवार पेठेतले त्यांचे इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचे दुकान चालवतो. दोघे लहानपणापासून एकाच जिन्यात वाढले आहेत. यंदा दोघांनी मिळून एकवीस दिवसांच्या हिमालयातील ट्रेकला जायचे ठरवले. ट्रेक नेणारी संस्था बुधवार पेठेत एका पुस्तकांच्या दुकानाच्या वर आहे. संचालक श्री. सौमित्र देवस्थळी, वय अंदाजे ५०. गट आठ जणांचा. शुल्क माणशी ७८,५०० रुपये.

मार्चअखेर अवनीने संस्थेचे अंदाजपत्रक मला दिले. ती म्हणाली, "आत्या, अठ्ठ्याहत्तर हजार म्हणजे लुटतायत का ते जरा बघ ना. तुझी ती हिरवी टिक आली की मी पेमेंट करते."

मी नोकरीत असताना हिरव्या शाईने तपासत असे. बेरीज जुळली की शेजारी खूण. ती सवय सुटलेली नाही. दूधवाल्याच्या कार्डावरही मी खूण करते.

अंदाजपत्रक मी तीन दिवस तपासले. त्यात नसलेला खर्च वेगळा काढून दिला. बूट विकत घ्यावेत व महिनाभर आधी वापरून मऊ करावेत, जाकीट भाड्याने घ्यावे, सुका मेवा येथूनच न्यावा, विमा संस्थेचा आहे त्यावर विसंबू नये, वाटाड्या व स्वयंपाकी यांची बक्षिसी धरून ठेवावी, आणि हवामानामुळे अडकल्यास दोन जादा दिवसांचे पैसे रोख जवळ असावेत. हा माझा कागद अवनी सोबत घेऊन गेली आहे.

मूळ अंदाजपत्रकात मला एक गोष्ट आढळली. पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत प्रत्येक बाब आठने गुणलेली होती. तेराव्या दिवशी गट खिंड ओलांडतो. तेथून पुढे प्रत्येक बाब सातने गुणलेली होती. शिधा माणशी ४,२००. तंबू व झोपण्याच्या पिशवीचे भाडे १,७५०. सामानाचे खेचर १,६००. बस १,४५०. दिल्ली ते पुणे रेल्वे २,३४०. एका माणसाचे एकूण ११,३४०. वसुली मात्र आठही जणांकडून पूर्ण.

मला ही लबाडी वाटली. अवनीला दाखवले तेव्हा ती म्हणाली, "अगं, जुनी एक्सेल शीट कॉपी-पेस्ट केली असेल. तू पण ना, आत्या!" मी तिचे पैसे थांबवले. इतर सहा जणांनी भरले होते. केयूर तिच्यासाठी थांबला होता. शेवटी त्याने ५ एप्रिलला भरले, आणि अवनीने माझे न ऐकता ७ एप्रिलला.

दि. ८ एप्रिल, मंगळवार, सकाळी अकरा वाजता मी संस्थेच्या कार्यालयात गेले. श्री. देवस्थळी एकटेच होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले. बोलणे झाले ते मला आठवते तसे सांगते.

मी म्हटले, "देवस्थळी, जाताना आठ आणि येताना सात. मधल्या मध्ये एक माणूस तुम्ही खाता की काय?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "फरकाची रक्कम आम्ही ठेवत नाही, ताई. ज्याची त्याच्या घरी पोचती करतो. खिंडीच्या दोन दिवस आधी. पावत्या आहेत."

त्यांनी फाइल माझ्यापुढे ठेवली. मी मागील तीन वर्षांच्या याद्या पाहिल्या. तिन्ही वर्षी आठ गेले, सात आले. आठव्या नावापुढे शेऱ्याचा रकाना होता. २०२२ : 'तब्येतीमुळे मागे.' २०२३ : 'स्वेच्छेने थांबले.' २०२४ : 'मोजणीत कमी.' प्रत्येक शेऱ्यामागे घरच्यांची पावती टाचलेली होती. रक्कम मिळाली, तक्रार नाही, खाली सही. पावत्यांवरील तारखा शेऱ्यांच्या आधीच्या होत्या. बेरजा बिनचूक होत्या. इतकी नीटनेटकी फाइल मी बँकेतही क्वचित पाहिली.

मी विचारले, "मोजणीत कमी म्हणजे काय?"

"संध्याकाळी वाटाड्या मोजतो. सात भरले."

"आणि आठवा?"

"तेच लिहिलंय, ताई."

नंतर मी यंदाची परतीची यादी मागितली. छापील नमुना, सात ओळी. सातही भरलेल्या होत्या. शेवटचे नाव केयूरचे. अवनीचे नाव नव्हते. पैसे आले त्या क्रमाने नावे लिहिली, असे त्यांनी सांगितले. अवनीचे पैसे शेवटी आले होते, ते मी थांबवले म्हणून.

मी आठवी ओळ आखायला सांगितली. ते म्हणाले, "नमुना वडिलांच्या वेळचा आहे. मीही एकदा आखली होती आठवी ओळ, २०१७ साली. त्या वर्षी सहा आले. परत नाही आखली."

मी म्हटले, "मग माझ्या भाचीचं नाव घाला."

त्यांनी सातव्या ओळीतले नाव पट्टी धरून एका रेषेत खोडले, वर अवनीचे लिहिले, आणि यादी माझ्याकडे फिरवली. "आपण तपासणीस आहात. खाडाखोडीवर आपली खूण लागेल."

मी नावे मोजली. सात. दर, गुणाकार, बेरीज, सर्व जुळत होते. मी पर्समधून पेन काढले व खूण केली. पेन हिरवेच होते. यादीची छायाप्रत व मागील वर्षांच्या याद्यांची हाताने केलेली नक्कल मी सोबत आणली. कार्यालयात मी एकूण चाळीस मिनिटे होते.

त्या वेळी पोलिसांकडे का आले नाही, असे मला विचारण्यात आले. त्या वेळी अवनीचे नाव यादीत आले होते.

दि. ९ एप्रिल रोजी मी पुणे स्टेशनवर जाऊन ६ जूनचे दिल्ली ते पुणे असे एक तिकीट स्वतःच्या पैशाने काढले. केयूरच्या नावे. बर्थ निश्चित आहे. गटाची तिकिटे संस्थेकडे असतात, त्यामुळे त्याला स्वतःचे परतीचे तिकीट आहे की नाही हे माहीत नव्हते. मी काढलेले तिकीट मी त्याला दिले नाही. का काढलेस, असे त्याने विचारले असते.

पुढील चाळीस दिवसांत भाग्यश्री माझ्याकडे चार वेळा आल्या. एकदा पिशवी शिवून घ्यायला, एकदा थर्मास परत करायला, दोनदा सहज. दि. १६ मे रोजी त्या दोन्ही मुलांसाठी भाजक्या पोह्यांचा चिवडा घेऊन आल्या. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "आनंदीताई, तुम्ही सगळं तपासलंय ना, मग मला काही काळजी नाही. ह्या मुलांचं काय, डोंगर दिसला की पळाले." मी "हो, तपासलंय" असे म्हणाले.

गट १८ मे रोजी पुण्याहून निघाला. अवनीचा शेवटचा फोन २५ मे रोजी संध्याकाळी साडेसहाला आला. आवाज तुटत होता. ती मजेत होती. तिने सांगितले की रतन नावाचा वाटाड्या रोज संध्याकाळी जेवणाआधी माणसे मोजतो. "आत्या, रोज तो सात म्हणतो! मग केयूर हात वर करून ओरडतो, अहो रतनदादा, मी काय खेचर आहे का? आम्ही इतके हसतो ना. तीन दिवस झाले, रोज तेच. समोर बसलेला असतो गं तो."

मी तिला म्हटले, "तू मोजत जा. रोज. मोठ्यानं."

ती म्हणाली, "मी पण काल मोजले. माझे पण सात झाले. स्वतःला धरायचं विसरले असेन."

मी तिला लगेच परत यायला सांगितले. दोघांनीही, असे सांगितले. फोन तोपर्यंत बंद झाला होता. तिने काय ऐकले ते मला सांगता येत नाही. त्यानंतर संपर्क नाही.

आज सकाळी भाग्यश्री मोबाइल घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "अहो, हे बघा ना, ट्रेकवाल्यांनी अकरा हजार परत केलेत. ग्रुप डिस्काउंट असेल का हो? तुम्हाला पण आले का?" मी माझे व अवनीचे खाते पाहिले. आले नव्हते. मी "असेल" असे म्हणाले. त्यांनी पैसे मिळाल्याचे संस्थेला कळवून टाकले होते. आभारही मानले होते.

साडेदहा वाजता मी बुधवार पेठेत गेले. कार्यालयाला कुलूप होते. खालच्या पुस्तकांच्या दुकानातले गृहस्थ डोके वर न करता म्हणाले, "खिंड होईपर्यंत उघडत नाहीत ते. दर वर्षीचंय. पुस्तक हवंय का?" मी जिन्यात उभी राहून श्री. देवस्थळींना फोन केला. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. मी म्हटले, यादी बदला, केयूरचे नाव घाला.

ते म्हणाले, "घालतो की. खूण आपली आहे, बदलही आपण सांगाल तसा. कुणाचं काढू?"

मी म्हटले, कुणाचेही नाही, आठवी ओळ आखा.

ते म्हणाले, "आखली तर काय होतं ते आपल्याला सांगितलंय. आखू?" मग म्हणाले, "ताई, ऐकताय ना? कुणाचं काढू?"

मी फोन बंद केला. तेथून रिक्षाने थेट येथे आले.

हवालदार श्री. संतोष यांनी मला विचारले, "मॅडम, यात गुन्हा कुठला झालाय? पैसे तर त्यांनी परत दिलेत." मी सांगितले की गुन्हा अजून झालेला नाही, परवा होईल. त्यांनी विचारले की तक्रार कोणाविरुद्ध लिहू. मी सांगितले की श्री. देवस्थळी यांच्याविरुद्ध, आणि यादीवर जिची हिरवी खूण आहे तिच्याविरुद्ध. ते म्हणाले, असे दोन्हीकडून लिहिता येत नाही. मी म्हटले, मग लिहिता येईल तसे लिहा, पण नाव गाळू नका.

माझी मागणी एवढीच आहे. तेथील पोलिसांना आजच्या आज कळवून गट खिंडीच्या अलीकडे थांबवावा व सर्वांना त्याच वाटेने खाली आणावे. थांबवताना माणसे वाटाड्याने मोजू नयेत, गटातल्याही कोणी मोजू नयेत. प्रत्येकाला नावाने हाक मारावी व त्याने 'ओ' दिल्याशिवाय पुढचे नाव घेऊ नये. हाका मारताना सुरुवात केयूर टिळेकरपासून करावी.

हा जबाब भाग्यश्री टिळेकर यांना वाचायला द्यावा. मी तो त्यांना स्वतः सांगू शकले असते. दोन मजल्यांत पंधरा पायऱ्या आहेत.

जबाब संगणकावर उतरवल्यानंतर मी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला. तीन ठिकाणी दुरुस्ती करवून घेतली. आता तो मी बोलले तसाच आहे. त्यावर मी निळ्या शाईने सही करत आहे.

जबाबासोबत सादर केलेले कागद : संस्थेचे अंदाजपत्रक, पाने दोन. परतीच्या यादीची छायाप्रत, माझ्या खुणेसह, एक. मागील तीन वर्षांच्या याद्यांची माझ्या हातची नक्कल, पाने तीन. भाग्यश्री टिळेकर यांच्या खात्यातील नोंदीची प्रत, एक. रेल्वे तिकीट, दिल्ली ते पुणे, दि. ६ जून, नाव केयूर टिळेकर, एक. हवालदारांनी कागद मोजले ते सात भरले. त्यांनी पुन्हा मोजले, सात. मी एकेक कागद त्याचे नाव घेऊन टेबलावर मांडला, तिकीट सर्वांत आधी, तेव्हा आठ भरले. एकूण आठ, असे माझ्यासमोर लिहून घेतले व पोच दिली.