पुढच्या सीटवरचं पोतं

...आणि परत मी मागेच! नाही, तुम्हीच सांगा, नव्या सुनेचे फार लाड करू नका, पण गाडीत पुढची सीट? साडेतीन महिने झाले लग्नाला, रोज सकाळी सासऱ्यांच्या जुन्या गाडीतून कारखान्यात जाते, चाचण्यांचे अहवाल लिहायचं काम आहे माझं, गाडीत माणसं दोनच, ते आणि मी, आणि तरी मी मागे! का? तर पुढच्या सीटवर पोतं आहे! वाळूचं! जाड कापडाचं, तोंड शिवलेलं, वर पट्टा लावलेला... आणि मागच्या सीटचा पट्टा तुटलेला. म्हणजे पोत्याचा जीव तो जीव, आणि मी आपली मागे!

मैत्रिणींना माझा हेवा वाटतो हो. "तुला काय गं, घरात सासूच नाही!" खरंय, सासूबाई सहा वर्षांपूर्वीच गेल्या, मी त्यांना फोटोतच पाहिलं. पण मैत्रिणींना तेव्हा पोतं कुठे माहीत होतं?

बरं, आमचा धंदा ब्रेकचा. साधेसुधे नव्हेत, शर्यतीच्या गाड्यांचे! चाळीस वर्षांपूर्वी म्हणे एक पत्र्याची शेड, एक जुना लेथ आणि सासरे; आज तीन इमारती, चारशे माणसं, आणि दाराशी काचेच्या कपाटात त्यांनी घडवलेली पहिली डिस्क, दागिन्यासारखी, वर दिवा सोडून. जेवायला बसलं तरी विषय एकच, कोण किती मीटरमध्ये थांबलं! मी मुळातच कमी बोलणारी, तर सासरे कौतुकानं म्हणतात, "सूनबाईचे ब्रेक उत्तम आहेत." आता यावर हसावं की रडावं?

आणि त्यांचं गाडी चालवणं! कारखान्यामागचा सरळ रस्ता लागला की, "सूनबाई, धरून बस गं," आणि गाडी शंभरावर नेऊन पांढऱ्या पट्ट्याशी दाबला पाय! माझं नाक पुढच्या सीटला, डबा पायाशी, पर्स कुठे ते देवाला ठाऊक... आणि तुम्हाला सांगते, दर वेळी, अगदी दर वेळी, ब्रेक दाबताना त्यांचा एक हात झटकन पोत्यावर जायचा. पोतं पुढे जाऊ नये म्हणून! अहो, पट्टा लावलाय की त्याला! इकडे मागे हाडामांसाचं माणूस चेंडूसारखं उडतंय... पण नाही, मी आपली मागे.

नवऱ्याला सांगितलं, तर तो खूशच झाला! "अगं, हेच हवं होतं! नवं चाचणीयंत्र आलंय, त्याला ना गाडी लागत ना रस्ता. तो खटारा गुरुवारी भंगारात काढायचाय, पण बाबांना सांगणार कोण? तू हट्ट धर पुढे बसायचा. तुला ते नाही म्हणणार नाहीत. पोतं निघालं की गाडी निघाली समज!"

"मग तूच सांग ना."

"माझं तोंड होत नाही गं."

चारशे माणसांवर ओरडणारं तोंड, आणि ते होत नाही! तेव्हाच मला कळायला हवं होतं... पण नाही कळलं.

मंगळवारी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "बाबा, आज मी पुढे बसू?"

सासरे किल्ली हातात घेऊन तसेच उभे. मग म्हणाले, "तुझं वजन किती गं?"

हा काय सुनेला विचारायचा प्रश्न झाला? "एकावन्न," म्हटलं. दोन किलो चोरून.

"तीन कमी पडतात. तिचं चोपन्न होतं."

"कुणाचं, बाबा?"

"अगं, हिचं. तुझ्या सासूचं. पहिल्या चाचणीपासून शेजारी हीच बसायची. मी गाडी थांबवायची, हिनं उतरून अंतर मोजायला फीत धरायची, वहीत लिहायचं. सगळे आकडे हिच्या वजनानिशी. मग आजारी पडली, वजन उतरायला लागलं. म्हटलं, राहू दे आता, घरी पडून राहा. तर म्हणते कशी, 'आणि आकडे कसे जुळायचे? द्या ती वाळूची पिशवी, घेते मांडीवर.' आधी दोन किलो घेतली. मग पाच. मग अकरा. शेवटच्या चाचणीला एकवीस किलो वाळू होती."

गाडीच्या टपावरून उगाच हात फिरवला.

"त्याच्या पुढच्या चाचणीला चोपन्न."

आणि ते खरंच वाकून पट्टा सोडायला लागले! "ये, बस पुढे. चूक माझीच. जिवंत माणसाला मागे बसवतो म्हणजे काय..." पट्ट्याचं बटण सापडत नव्हतं त्यांना. चाळीस वर्षं गाड्यांत गेलेला माणूस, आणि बटण सापडत नव्हतं.

"राहू द्या, बाबा," म्हटलं. "मला मागेच बरं वाटतं."

सरळ रस्ता आला, शंभरावर गाडी, पांढरा पट्टा, दाबला पाय! त्यांचा हात पोत्यावर गेला... आणि या वेळी मागून माझाही.

कारखान्याच्या फाटकाशी नवरा वाट बघत होता. "काय गं, बसलीस पुढे?" मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तर मान खाली घातली त्यानं. आई त्याचीच ना.

गुरुवारी भंगारवाला दोरखंड घेऊन आला. नवरा स्वतः गाडीपाशी गेला, काचेतून बराच वेळ आत बघत राहिला, आणि भंगारवाल्याला म्हणाला, "आज नाही. गाडी रिकामी नाही."

तर असं आहे. आता शंभराच्या वेगावरून जगातल्या कुठल्याही गाडीला आमचा कारखाना थांबवेल, पण त्या एका गाडीत मी आपली मागे. पोत्याचं सांगितलं तर मैत्रिणी म्हणतात, "अगं, उचल ते पोतं आणि बस पुढे!" कशी बसू? सासूबाई आहेत त्या. आणि सासूबाईंना 'उठा' म्हणणारी सून... ती अजून जन्माला यायचीय!