पत्रिका आता घरबसल्या

...आणि वर म्हणतो कसा, 'मी आता फ्रीलान्सर नाही, मी आता बिझनेस आहे!' अरे, माणूस बिझनेस करतो, माणूस स्वतः बिझनेस असतो का? पण मल्हारीला कोण सांगणार! मखमलाबाद नाक्यावर दोन खोल्या, त्यातल्या बाहेरच्या खोलीत एक कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर बायकोने विणलेलं क्रोशाचं झाकण, आणि त्या झाकणाखाली म्हणे बिझनेस! हसू नका. तुम्हाला सांगतो, दोन हजार सहा साली निम्मं नाशिक असंच बोलत होतं. ज्याच्या घरात माऊस, तो उद्योजक.

तर हा मल्हारी लग्नपत्रिका करायचा. रविवार कारंज्याजवळच्या एका प्रेसमधली नोकरी सोडली आणि सात वर्षं स्वतंत्र काम केलं. मजकूर जुळवायचा, डिझाइन करायचं, प्रेसमधून छापून आणायचं, गठ्ठे घरपोच. काम चोख, त्यात वादच नाही. आता तुम्ही म्हणाल, पत्रिकेत असतं काय? मुलगा, मुलगी, तारीख, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता. पाच ओळी! पाच ओळींना कितीसा वेळ लागतो? अहो, पण खाली नावं असतात ना! निमंत्रक, विनीत, समस्त अमुक परिवार, आणि सगळ्यात खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल... खरं लग्न तिथे लागतं आणि मोडतंही तिथेच!

त्यामुळे पत्रिकावाल्याला घरी बोलावतात. मल्हारी सॅम्पलची बॅग घेऊन एम-एटी दुचाकीवरून जायचा, आणि घरातले एकेक जण त्याला बाजूला घ्यायचे. 'मल्हारीभाऊ, मोठ्या काकांचं नाव वर घ्या, पण वर घेतलंय असं दिसायला नको.' 'मामांचं जरा ठळक करा, फक्त आत्याला ते ठळक वाटता कामा नये.' 'आमच्या धाकट्याचं नाव टाकूच नका, पण तो विचारेल तर सांगा की तुमच्याकडून राहिलं.' आता बोला! सात वर्षं या माणसाने नाशकातल्या अख्ख्या भाऊबंदकीची पापं आपल्या डोक्यावर घेतली. आणि बदल्यात? बदल्यात चहा. दिवसाला नऊ-दहा चहा, तोही बशीत सांडलेला.

आणि बसायला खुर्ची कुठली, माहिती आहे? दारातली! जिथे चपला काढतात ना, तिथली. आतून कोणी विचारलं 'कोण आलंय गं?' तर उत्तर, 'कोणी नाही, पत्रिकावाला.' कोणी नाही! मल्हारीला ते 'कोणी नाही' फार लागायचं. घरी येऊन बायकोला, सविताला, म्हणायचा, 'ही माणसं नाहीत गं, ही यादीतली नावं आहेत. यांच्या पायऱ्या पुन्हा चढलो तर नाव बदलेन.' एवढंच त्याला हवं होतं हो. बंगला नको, गाडी नको. ती चपलांजवळची खुर्ची सुटायला हवी होती.

आणि नेमका त्याच वेळी भेटला लखन. कॉलेज रोडवर एका जिन्याखाली बसून वेबसाईटी बनवायचा. स्वतःला एक गिऱ्हाईक मिळवता येत नव्हतं, पण दुसऱ्यांना धंदा शिकवायचा. काही काही माणसं अशी असतात, स्वतः पाण्यात उतरत नाहीत, काठावरून हात कसे मारायचे ते ओरडून सांगतात. तर लखन म्हणाला, 'सर, तुम्ही स्वतः काम करताय, म्हणून तुम्ही मजूर! बिझनेस म्हणजे काय सर? तुम्ही झोपलेले असताना चालतो तो बिझनेस! युजरला पॉवर द्या सर! नावं त्याची, भरायची त्याने, तुम्ही कशाला मध्ये?' तुम्ही कशाला मध्ये! हे वाक्य मल्हारीच्या कानात तुपासारखं उतरलं. झालं, वेबसाईट तयार. मांडवदारी डॉट कॉम. वर नारळ, आंब्याची पानं, आणि डोळ्यासमोर इकडून तिकडे धावणारी अक्षरं... 'पत्रिका आता घरबसल्या!'

उद्घाटनाला सविताने कॉम्प्युटरपुढे नारळ फोडला. पाणी कीबोर्डात. आठ दिवस स्पेसचं बटण बंद. पण मल्हारी म्हणाला शुभशकुन आहे! आणि त्याने काय करावं? सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना छापील कार्डं धाडली. 'कळविण्यास आनंद होतो, की यापुढे आमचा प्रतिनिधी आपल्या घरी येणार नाही.' प्रतिनिधी म्हणजे कोण? हाच! यालाच आनंद, हाच येणार नाही, आणि हाच पोस्टात जाऊन कार्डं टाकून आला. पत्रिका आता घरबसल्या!

सविताने एकच विचारलं. 'अहो, लोक नावं भरतील तिथे, ते ठीक आहे. पण भांडतील कुठे?'

'भांडणं हा माझा प्रॉब्लेम नाही. युजरचा आहे,' मल्हारी म्हणाला. युजर! कालपर्यंत ज्यांना काका-मामा म्हणत होता, ते एका रात्रीत युजर झाले.

पहिली ऑर्डर आली पिंपळगाव बसवंतहून. पुंजाशेठ. द्राक्षांचा व्यापारी, हायवेला कोल्ड स्टोअरेज, दारात दोन टेम्पो, आणि एकुलती एक मुलगी शुभांगी. तिचं लग्न, दीड हजार पत्रिका! शेठला वेबसाईटचं भारी कौतुक. 'आपल्या पोरीची पत्रिका इंटरनेटवर होणार! मार्केट यार्डात कोणाची झाली का? नाय झाली!' मल्हारीने मनात हिशोब मांडला. ही पत्रिका पार पडली की अख्खं मार्केट यार्ड वेबसाईटवर येणार. नाही पार पडली, तर बॅग उचलायची आणि परत चपलांजवळ. सगळं या एका लग्नावर येऊन बसलं होतं.

आता फॉर्म कसा होता, ते नीट ऐका. सगळा घोळ तिथेच आहे. पासवर्ड टाकायचा, इंग्रजी अक्षरात आपलं नाव टाकायचं, बटण दाबायचं, की नाव यादीत. कुठे? सगळ्यात वर! लखनने तसंच ठेवलं होतं. 'सर, लेटेस्ट एंट्री ऑन टॉप. जगभर असंच असतं.' जगभर असतं रे बाबा, पण जगभर भाऊकी असते का? जो शेवटी भरेल तो पहिला! नाशिक जिल्ह्यातल्या लग्नाच्या यादीला हा नियम! वाघासमोर शेळी बांधायची आणि म्हणायचं, बघू काय करतो!

पुंजाशेठने आपलं नाव भरलं आणि मोठ्या मनाने पासवर्ड दिला धाकट्या भावाला, चिमाजीला. 'तूही टाक.' चिमाजीने टाकलं. गेलं वर. पुंजाशेठ खाली! शेठने बघितलं, नाव पुसलं, परत भरलं. आता चिमाजी खाली. चिमाजीने पुसलं, परत भरलं. मग चिमाजीने पासवर्ड दिला मेव्हण्याला, मेव्हण्याने चुलत्याला, चुलत्याने अख्ख्या गल्लीला. तुम्हाला सांगतो, पिंपळगावातल्या त्या एकुलत्या एक सायबर कॅफेत चार दिवस बसायला जागा नव्हती! एरवी मोबाईलचं बिल वाचता न येणारी माणसं फटाफट लॉगिन करायला लागली. ज्याला जिल्हा साक्षरता मोहिमेत कोणी शिकवू शकलं नाही, त्याला चुलतभावाच्या रागाने शिकवलं!

आणि इकडे मल्हारी? स्क्रीनपुढे बसून खूश! 'सविता, बघ, चारशे हिट्स!'

'हिट्स कसले? चौघं जण शंभर-शंभर वेळा भांडतायत.'

'त्यालाच ट्रॅफिक म्हणतात,' मल्हारी म्हणाला. धन्य!

मुदत होती सोमवारी दुपारी बारापर्यंत. बाराला फॉर्म बंद, यादी छापायला. सोमवारी पिंपळगावचे सगळे वीर सकाळीच कॅफेसमोर हजर. आणि आठ वाजता गेले लाईट. लोडशेडिंग! आठ ते बारा. आपल्या महाराष्ट्रात तेव्हा सूर्य एखादवेळेस उशिरा उगवेल, पण लोडशेडिंग वेळेवर. सगळे कॅफेच्या पायरीवर कपाळाला हात लावून बसले. पण सटाण्याला लाईट होते! आणि सटाण्याला कोण होतं? पुंजाशेठची बहीण, सुलाबाई. नवरीची सख्खी आत्या. पासवर्ड सटाण्यापर्यंत कधीच पोचला होता, आणि तिचा जावई कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा. चार तास रान मोकळं! एक्क्याऐंशी नावं भरली हो त्याने! सुलाबाई, तिचा नवरा, तिन्ही जावई, जावयांचे भाऊ, भावांचे सासरे...

बरोबर बाराला मल्हारीने यादी उतरवली, मराठीत टाईप केली आणि धाडली प्रेसला. वाचली का? नाही! बोटं टाईप करत होती, डोकं मार्केट यार्डात होतं. सात वर्षांत एक पत्रिका त्याने दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय सोडली नव्हती, प्रूफवर गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय सोडली नव्हती. पण आता वाचायचं कशाला? वाचतो तो मजूर! बिझनेस वाचत नसतो. पत्रिका आता घरबसल्या!

बुधवारी गठ्ठे प्रेसमधून परस्पर पिंपळगावला, आणि गुरुवारी फोन. 'मल्हारीशेठ, पोरगी कोणाची हाय?'

'तुमची, शेठ.'

'मंग मी ब्याऐंशी नंबरला काय करून राह्यलो? माझ्यावर सुलाबाईचा जावई, जावयाचा भाऊ, भावाचा सासरा! मी पोरीच्या लग्नाला येऊ का नको येऊ?'

'शेठ, ते सिस्टिमने...'

'कोण हाय ती सिस्टिम? कोणत्या गावची? आण तिला इकडं!'

आता सिस्टिम आणायची कुठून? मल्हारीने बॅग उचलली. एम-एटीला किक मारली आणि पंचवीस-तीस किलोमीटर तोंडात मारल्यासारखा चेहरा करून पिंपळगाव गाठलं. दारात पोचला तर आत सगळी भाऊकी. आणि दाराजवळ, चपलांच्या ढिगाला लागून, एक खुर्ची रिकामी. बसला.

चिमाजी पत्रिका हलवून ओरडतोय, 'सख्खा चुलता मी, आन माझं नाव पंच्याऐंशीला? आम्ही लग्नाला येत नाय, जा!' त्याच्यामागे पंचवीस माणसं, 'आम्ही बी नाय!' आणि कोपऱ्यात सुलाबाई, पहाटेच्या एसटीने सटाण्याहून आलेली, पत्रिका मांडीवर घेऊन देवळातल्या देवीसारखी स्थिर, सासरच्या अहिराणीत म्हणते, 'मन्ही भाची शे ती! मन्हं नाव वरच ऱ्हाई!' लग्नाला अकरा दिवस. आणि सगळे वळले मल्हारीकडे, कारण दोष द्यायला परका माणूस लागतो, आणि खोलीत तो एकटाच परका होता.

तेवढ्यात नवरी चहा घेऊन आली. शुभांगी. ट्रे पुढे करत हळूच म्हणाली, 'भाऊ, माझं नाव तरी आहे ना हो त्यात?'

मल्हारीने पत्रिका उघडली. स्वतः केलेली पत्रिका, पहिल्यांदा बघितली. नावांनी सगळी जागा खाल्ली होती, म्हणून प्रेसवाल्याने मधला मजकूर दाबून बारीक केला होता, आणि नवरीचं नाव नेमकं घडीवर आलं होतं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. तुम्हाला सांगतो, मल्हारीला लाज वाटली. भाऊकीची नाही, त्यांची तर किळस होती त्याला. स्वतःची वाटली. जिचं लग्न, तिला घडीत घातली होती त्याने.

चहा ठेवला बाजूला. 'कोरे कागद आणा,' म्हणाला. आणि एकेकाला कोपऱ्यात घ्यायला लागला. चिमाजीच्या कानात, 'तुमच्या गठ्ठ्यात तुम्ही पहिले, थोरल्यांना सांगू नका.' पुंजाशेठच्या कानात, 'निमंत्रक तुम्ही, तुमच्या खाली सगळे, धाकट्यांना सांगू नका.' सुलाबाईच्या कानात, 'सटाण्याला जातील त्या तीनशेत तुम्हीच वर.' मेव्हण्यालाही तेच! चार घरं, चार पत्रिका, चौघं पहिले, आणि चारही पत्रिकांत नवरीचं नाव मधोमध, मोठ्या अक्षरात. अहो, कळणार कसं? दुसऱ्याची पत्रिका वाचतो कोण? माणूस आपलं नाव शोधतो आणि पत्रिका टीव्हीवर ठेवून देतो! दोन तास, सहा चहा. मध्येच पुंजाशेठने त्याला गादीवर बसवून घेतलं. मानाने नव्हे हो, खुर्ची लांब होती, कुजबुज नीट ऐकू येत नव्हती.

लग्न झालं. चौघंही मांडवात छाती काढून, प्रत्येक जण पहिला!

आणि मग काय, बोलबाला! चांदवडपासून पेठपर्यंत लोक वेबसाईट उघडायला लागले. हिट्स हजाराच्या वर! फोनवर फोन! 'वेबसाईट बघितली, लय भारी! आता असं करा, घरी कधी येता?' पूर्वी नाशकातल्या नाशकात हिंडायचा, आता तीन-तीन तालुके! वैतागून त्याने फोन नंबरच काढून टाकला वेबसाईटवरून. म्हणाला, 'बघतोच. आता फॉर्म भरल्याशिवाय मार्गच नाही.'

आला ना फॉर्म! दुसऱ्याच दिवशी, कळवणहून. सविताने हाक मारली, 'अहो, आली, ऑर्डर आली!' मल्हारी धावत आला. उघडला. वराचं नाव, कोरं. वधूचं नाव, कोरं. मुहूर्त, कोरा. निमंत्रक, विनीत, किलबिल, सगळं कोरं. शेवटच्या रकान्यात तेवढं लिहिलं होतं, 'नावांचं फार नाजूक आहे, असं लिहून जमणार नाही. रविवारी या, जेवायलाच या.'

गेला. काय करणार? जेवणात मांडे होते.