भिंतीपलीकडच्या डाळिंबाला घातलेल्या पाण्याबाबत

जबाब देणारी: गल्लीत व नात्यात 'थोरली' म्हणून ओळख. वय ५४ वर्षे. धंदा शिवणकाम व घरकाम. राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, मधोमध भिंत घातलेले घर, डावीकडचा भाग.

मला कोणी बोलावलेले नाही. आज सकाळी सव्वाअकरा वाजता मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले आणि साहेबांसमोर बसून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. मुलगी लग्न होऊन गेली. पतींचे लेथ मशीनचे वर्कशॉप असून ते सकाळी नऊला जातात व संध्याकाळी सातला येतात. भिंतीच्या उजवीकडच्या भागात माझे दीर व माझी धाकटी जाऊ राहतात. ज्या डाळिंबाच्या झाडावरून तिच्यावर कारवाई झाली, ते झाड तिच्या अंगणात भिंतीला लागून आहे.

पूर्वी घर एकच होते. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा वीस वर्षांची होती. तिला धड चहाही करता येत नव्हता. चौदा वर्षे आम्ही एका स्वयंपाकघरात काम केले. भांडण झाल्याचे आठवत नाही. एकदा मिठावरून झाले होते, ते संध्याकाळपर्यंत मिटले. माझी मुलगी तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. तिला स्वतःचे मूल नाही.

झाडाबद्दल विचारल्यावरून सांगते की, ते तिने आल्या वर्षीच लावले. खाता खाता चार दाणे बाजूला ठेवून तिने पत्र्याच्या डब्यात पेरले होते. मी म्हणाले होते, "अगं, असं दाणे पेरून कधी झाड होतं का?" त्यावर ती म्हणाली, "ताई, लागली पैज?" पुढे डब्यातले रोप जमिनीत लावताना खड्डा मी खणला.

नऊ वर्षांपूर्वी वर्कशॉपमधल्या मोठ्या मशीनवरून दोघा भावांत वाद झाला. त्यांनी आधी वर्कशॉप वाटून घेतले, मग घर, मग अंगणात साडेसहा फुटांची भिंत घातली. भिंत तीन फूट पलीकडे सरकली असती तर झाड आमच्याकडे आले असते. आम्हा दोघींना कोणी विचारले नाही. "तिच्याशी बोलायचं नाही," असे पतींनी मला सांगितले. तसेच दिरांनी तिला सांगितले असावे. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर ती पदर सारखा करते आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधते.

यंदा नळाला दर पाचव्या दिवशी पाऊण तास पाणी येते. बागेला नळाचे पाणी घालण्यास बंदी आहे, हे मला माहीत आहे. माझ्या कुंड्या मी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच बायकांना वाटून टाकल्या. सुमारे सव्वादोन महिन्यांपूर्वी गच्चीच्या जिन्यावर कपडे वाळत घालताना मला पलीकडच्या डाळिंबाचा शेंडा दिसला. पाने पिवळी पडून वळली होती. त्या दिवसापासून मी पाणी वाचवायला लागले.

पाणी कोठून वाचवले ते सांगते. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी मी टाकत नाही. अंघोळीला अर्धी बादली घेते व घमेल्यात उभी राहते. साबण आठवड्यातून दोनदाच लावते, बाकी दिवशी नुसत्या पाण्याने. कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी घेते, आधीचे फेसाचे संडासात वापरते. पतींना यातले काही कळले नाही. "हल्ली तुझी अंघोळ दोन मिनिटांत कशी होते?" असे त्यांनी एकदा विचारले होते. मी म्हणाले, "म्हातारी झाले, धुण्यासारखं राहिलंय काय आता?" सगळे मिळून दिवसाला दोन बादल्या पाणी जमते. ते जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळते.

भिंतीच्या तळाशी पावसाचे पाणी जाण्यासाठी चार बोटे रुंदीचे भोक ठेवलेले आहे. त्यातून मी रबरी नळी पलीकडे सरकवली. अलीकडच्या टोकाला नरसाळे लावून स्टुलावर बसून दुपारी अडीचच्या सुमारास रोज दोन बादल्या पाणी तांब्यातांब्याने ओतले. एकही दिवस चुकवला नाही. मुलगी आजारी होती तेव्हा तिच्याकडे सकाळी जाऊन दुपारच्या आत परत आले.

धाकटीला हे माहीत होते काय, असे साहेबांनी विचारले. पहिले सात-आठ दिवस मला खात्री नव्हती. नवव्या दिवशी दुपारी मी नरसाळे लावत असताना नळी पलीकडून ओढली गेली. बुंध्यापर्यंत पोहोचावी म्हणून कोणीतरी ती हातभर पुढे घेत होते. मी नळी धरून ठेवली. पलीकडूनही धरलेली होती. असे किती वेळ होते ते मी घड्याळात पाहिले नाही. नंतर मी पाणी ओतले. त्यानंतर रोज अडीच वाजता नळी एकदा हलायची. मग मी पाणी सोडायची.

या काळात तुम्ही बोललात काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. भिंतीवरून आवाज सहज जातो. 

चालू महिन्याच्या नऊ तारखेला दुपारी चारच्या सुमारास पाणीचोरी पथकाचे तीन लोक धाकटीच्या अंगणात आले. मी भिंतीजवळच होते. बोलणे स्पष्ट ऐकू आले. त्यांच्यापैकी एक जण म्हणाला, "सगळं अंगण करपलंय आणि हे एकच झाड हिरवंगार कसं? फळंसुद्धा धरलीत!"

धाकटी म्हणाली, "मी घालते नळाचं पाणी."

"बंदी आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"रोज घालता?"

"रोज घालते."

हे खोटे आहे. पाचव्या दिवशी येणारे पाणी ती रोज कोठून घालणार, हे त्या लोकांना सुचले नाही. नळी तिने आधीच भोकात ढकलली होती. ती सरकत माझ्या पायाशी आली. माझ्या हातात ओला टॉवेल होता. मी त्या वेळी बोलायला हवे होते. बोलले नाही. त्यांनी तिचा नळ बंद करून त्याला सील लावले व कागदावर तिची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी मी नवी नळी आणली व उकळत्या पाण्यातून काढली. अडीच वाजता ती पलीकडे सरकवून आमच्या प्यायच्या पाण्यातली एक कळशी त्यातून सोडली. आधी पाणी मातीत पडल्याचा आवाज आला. मग धावल्याचा, आणि मग पातेल्यात पाणी पडल्याचा. त्या दिवसापासून आजपर्यंत अकरा दिवस मी रोज एक कळशी दिली आहे. डाळिंबाच्या दोन बादल्या वेगळ्या. दीर वर्कशॉपवरून एक कॅन आणतात, तेवढ्यात दोन माणसांचे भागत नाही. नळाला सील लावलेल्या घराला आपल्या वाट्याचे पाणी देणे गुन्हा असेल तर तोही लिहून घ्यावा.

त्यानंतर साहेब आज दुपारी जागेची पाहणी करण्यास आले. पतींना वर्कशॉपवरून बोलावून घेतले होते. एक हवालदार पलीकडे धाकटीच्या अंगणात गेले. जबाबात सांगितल्याप्रमाणे मी नळी लावली व आज अर्धीच भरलेली पहिली बादली ओतली. दुसरी बादली स्टुलापर्यंत मला उचलवेना. ती पतींनी उचलून दिली.

पलीकडून हवालदार ओरडले, "आलं पाणी, साहेब! थेट बुंध्याशी येतंय!"

साहेबांनी भिंतीवरून धाकटीला विचारले, "मग नळाचं पाणी घालते असं खोटं का सांगितलंत बाई?"

ती म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर घरच्यांनी भोक बुजवलं असतं."

साहेबांनी ते वहीत टिपून घेतले. मग तिने विचारले, "ताई, तिथेच आहात?"

मी म्हणाले, "आहे."

"आज पाणी कमी आलं."

"आज भात टाकला नाही. चौकीवर जायचं होतं."

"मग जेवलात काय?"

तिचा आवाज पूर्वीपेक्षा थोडा जाड झाला आहे. एवढेच बोलणे झाले.

वापरलेले पाणी झाडाला घालण्यास बंदी नाही, तसे पाणीपुरवठा खात्याला आजच कळवून सील काढायला सांगतो, असे साहेबांनी सांगितले. कळशीबद्दल त्यांनी काही लिहू नका असे हवालदारांना सांगितले होते, पण माझ्या आग्रहावरून ते लिहिले आहे. धाकटीचा जबाब उद्या सकाळी अकरा वाजता ठाण्यात घ्यायचा असून मला पुन्हा येण्याची गरज नाही, असेही सांगितले.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, त्यात माझ्या तोंडचे नसलेले काही नाही. वाचून झाल्यावर मी शेवटी एक ओळ वाढवायला सांगितली, ती अशी: मला येण्याची गरज नसली तरी मी उद्या अकरा वाजता येथे येणार आहे व बाहेरच्या बाकावर बसणार आहे.

सही